निदानाला साडेतीन वर्षे झाली, तरी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतके रडू का यावे?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार. लिहू की नको, असे बरेच दिवस मनात चालले होते. घरात हे कोणापाशी बोलता येत नाही आणि मैत्रिणींपाशी काढले की त्या कावऱ्याबावऱ्या होऊन विषय बदलतात, म्हणून शेवटी इथे लिहिते आहे.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो आणि बहुतेक वेळा कानावर पडलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतो, त्याला स्वतःला तहान लागली की माझ्याजवळ येऊन "पाणी हवंय का तुला?" असे मलाच विचारतो. आठवड्यातून तीन दिवस वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी, उरलेले दिवस घरी सराव, असा आमचा क्रम आहे. शाळेतली नोकरी मी दोन वर्षांपूर्वी सोडली. यजमान बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. सासूबाई आमच्याजवळच असतात. पैशांची ओढाताण आहेच, पण आजचा प्रश्न पैशांचा नाही.

नागपुरात आमच्या ले-आऊटमध्ये मंदिरासमोर दरवर्षी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, भरतो. आजवर मी मुलाला तिथे नेले नव्हते. या वर्षी धीर करून नेले. लाकडी बैलासाठी झूल मी स्वतः शिवली, शिंगांना बेगड लावली. धोतर त्याने नेसू दिले, फेटा मात्र दारातच काढून माझ्या हातात दिला. सगळी मुले आपापले बैल घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा याने आपला बैल उलटा केला, खाली बसकण मारली आणि चाकाला डोळा टेकवल्यासारखा वाकून तो एकेक चाक फिरवत राहिला. तो मनापासून रमला होता, हे मला दिसत होते. मग भोंग्यावर बक्षिसांची नावे पुकारू लागले, त्याने कानांवर हात घेतले आणि किंचाळायला सुरुवात केली, आणि मी एका हाताने त्याला व दुसऱ्या हाताने बैलाला धरून गर्दीतून बाहेर आले. फाटकापाशी शेजारच्या काकू भेटल्या. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तुझी खरंच कमाल आहे गं. देवाने तुलाच का निवडलं, ते आता कळतं."

घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास रडले. नळ यासाठी, की सासूबाईंना ऐकू जाऊ नये.

निदान झाले त्या वर्षी मी खूप रडले होते आणि नंतर सावरले होते. आपण हे स्वीकारले आहे, असे मी स्वतःलाही सांगत होते आणि इतरांनाही. मग साडेतीन वर्षांनी हे पुन्हा वर येते, याचा अर्थ मी मनातून काहीच स्वीकारलेले नाही, असा होतो का? शेजारच्या मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, तेव्हा मला तिच्या आईचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाज अजून जात नाही. यजमानांना सांगितले तर "रडून काय होणार आहे" एवढे म्हणून ते टीव्ही लावतात. समुपदेशकाकडे जावे, की अशा पालकांच्या एखाद्या गटात जावे, की हे असेच चालायचे म्हणून सोडून द्यावे, हे ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे. उपचारांविषयी सल्ला नको. तो भरपूर मिळतो.

प्रतिसाद १ : महालातली_मावशी

ताई, तुमचा नळ मी ओळखला. आमच्याकडे मिक्सर असायचा. कोरडी खसखस वाटायला घेतली की मिक्सर बराच वेळ चालवता येतो.

माझी लेक आता एकवीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे. तिचे स्वतःचे ती बरेच करते, पण पैशांचा हिशेब आणि रस्ता ओलांडणे तिला जमत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देते. हे दुःख एकदा येऊन निघून जाणारे नाही, ते पाळत ठेवून येते. लेकीच्या बरोबरीची मुले पहिलीत गेली तेव्हा ते आले. तिला पाळी सुरू झाली तेव्हा आले. पुतणीची दहावी झाली आणि घरात पेढे वाटले गेले, तेव्हा आले, आणि त्या दिवशी तर लेक सर्वांत जास्त खुशीत होती, कारण पेढ्यांचा डबा फिरवण्याचे काम तिच्याकडे होते. मधली वर्षेच्या वर्षे आम्ही चांगली हसत-खेळत काढली आहेत. म्हणजे रडणे खरे आणि हसणे खोटे, किंवा उलट, असे काही नसते.

मला हे वाचायला मिळाले तेव्हा फार हलके वाटले होते, म्हणून सांगते. सायमन ओल्शान्स्की नावाच्या एका अमेरिकन समाजकार्यकर्त्याने १९६२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांविषयी लिहिताना या अवस्थेला दीर्घकाळ सोबत राहणारे दुःख असे नाव दिले. त्याचे म्हणणे असे होते, की हे दुःख म्हणजे आजार नव्हे, पालकांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि तज्ज्ञांनी "एकदाचे स्वीकारा" असा धोशा त्यांच्यामागे लावू नये. साठ वर्षांपूर्वी कोणी हे लिहून ठेवले होते आणि आम्हाला मात्र ज्याने त्याने स्वीकाराचीच परीक्षा द्यायला लावली, याचा मला रागही आला.

आता हेव्याबद्दल. तुम्ही एवढे उघड लिहिले आहे, तर मीही लिहिते. आमच्या घरावरून मारबतीची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक जाते. लेक पाच वर्षांची असताना आत्येसासूबाईंनी तिला उचलून गच्चीच्या कठड्यापाशी नेले आणि खालच्या गर्दीच्या सुरात सूर मिळवून "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असे ओरडायला लागल्या. मी त्यांना थांबवायला गेले, आणि थांबवण्याऐवजी मीसुद्धा ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. लेक टाळ्या वाजवत होती. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मारबतीने नेमके काय घेऊन जावे असे मी म्हणत होते, ते माझे मलाच सांगता येईना. तुमचा हेवा यापुढे काहीच नाही. कोणत्याही आईच्या मनात असे येते आणि जाते. ते आले म्हणून मुलाच्या ताटातला घास कमी होत नाही.

गटाविषयी विचारलेत. आमचा गट कोणी स्थापन केला नाही, तो बाकावर तयार झाला. थेरपीच्या खोलीबाहेर एक लोखंडी बाक होता, त्यावर आम्ही पाच जणी पाऊण-पाऊण तास बसायचो. पहिले वर्षभर प्रत्येकीने फक्त मोबाईल पाहिला. मग एकीचा डबा सांडला, बाकीच्यांनी आपापला पुढे केला, आणि बोलणे सुरू झाले. काही महिन्यांनी आमच्या लक्षात आले, की आम्हाला धीर देणारे पुष्कळ आहेत, तास देणारे कोणी नाही. त्यातून आम्ही तासांची भिशी सुरू केली. पैशांच्या भिशीत प्रत्येकजण दरमहा रक्कम टाकतो आणि जिचा नंबर लागतो तिला ती उचल मिळते, तसेच. दर शनिवारी दुपारी दोघी मिळून पाचही मुलांना एका घरी सांभाळणार, दोघी गरज पडली तर धावून येण्यापुरत्या मोकळ्या राहणार, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिचे ते तीन तास पूर्ण तिचे. त्यात भाजी आणायची नाही, बँकेत जायचे नाही, मुलाची वही चाळायची नाही, एवढीच अट. माझी पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा मी बर्डीच्या बाजारात गेले, कुठल्याच दुकानात शिरले नाही, नुसती इकडून तिकडे चालले आणि ऊस पिळताना पाहत उभी राहिले.

दुसरी अट अशी, की बोलायला बसल्यावर पहिला अर्धा तास कोणीही कोणाला उपाय सांगायचा नाही. ही अट पाळायला आम्हाला जवळपास दोन वर्षे लागली, कारण दुसरीचे दुःख ऐकले की जीभ आपोआप "अगं, तू असं करून बघ" याकडे वळते.

भिशी आजही चालू आहे. आता मुलेच मोठी झाली आहेत, त्यांतली दोघे आमच्यापेक्षा उंच आहेत.

प्रतिसाद २ : वर्धारोडचा_बाबा

मी वडिलांच्या बाजूने लिहितो, कारण "रडून काय होणार आहे" हे वाक्य मीही वापरलेले आहे.

आमच्या मुलाचे निदान झाले त्या संध्याकाळी पत्नी रडत होती आणि मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पारदर्शक कप्प्यांची मोठी फाइल विकत आणली. पुढची दोन वर्षे मी त्या फाइलमध्ये राहिलो, असे म्हणायला हरकत नाही. दिव्यांगत्वाचा दाखला, त्यावरून मिळणारे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना (स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण, ज्यात थेरपीचा खर्चही धरला जातो), हे सगळे मी धावपळ करून मिळवले आणि प्रत्येक कागद कप्प्यात सरकवताना मला वाटे, की मी माझ्या वाट्याचे केले. पत्नीला कागद नको होते असे नाही, पण तिला रात्री साडेदहाला समोर बसणारा माणूस हवा होता, आणि तो माणूस तेव्हा झेरॉक्सच्या प्रती मोजत होता.

आता मागे वळून पाहिले की कळते, की माझे रडणे दुसऱ्या वाटेने बाहेर पडत होते. ऑफिसातून निघाल्यावर मी सरळ घरी न येता अजनीच्या पुलाच्या अलीकडे गाडी उभी करून रेल्वेगाड्या पाहत थांबायचो, कधी दहा मिनिटे, कधी तासभर. त्याच सुमारास रक्तदाब सुरू झाला. मला कोणी "तुला कसे वाटते आहे?" असे विचारले असते तर मी "ठीक" म्हणून उठून गेलो असतो. त्यामुळे तुमच्या यजमानांना बोलते करण्याच्या मागे सध्या लागू नका, असे मी सुचवेन. त्यांना मुलाबरोबर एकटे राहण्याचे एखादे काम द्या, आणि तुम्ही त्या वेळी सोबत जाऊ नका, मागून सूचनाही पाठवू नका.

आमच्या बाबतीत ते काम मेट्रोचे होते. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. रविवारी सकाळी मी त्याला ऑरेंज मार्गावर खापरीला चढवतो, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जातो आणि त्याच मार्गाने परत येतो. त्याला सगळी स्थानके क्रमाने पाठ आहेत, आणि "जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी" हे तो घोषणेच्या नेमक्या आवाजात, अर्धा सेकंद आधी म्हणतो. पहिल्या काही फेऱ्यांत मला लोकांच्या नजरांची इतकी लाज वाटे की मी त्याच्याशेजारी न बसता दाराजवळ उभा राहत असे. पाचव्या की सहाव्या रविवारी एका आजोबांनी त्याच्या घोषणेवर "शाब्बास, ड्रायव्हरसाहेब" म्हणून मान डोलावली आणि मी पहिल्यांदा त्याच्या बाजूला जाऊन बसलो. घरी आल्यावर मी हे पत्नीला सांगितले. सांगता सांगता माझा आवाज फुटला. त्या दिवशी आम्ही दोघे एकाच वेळी रडलो, हे निदानानंतर पहिल्यांदाच घडत होते.

फाइलची थट्टा केली, तरी एक गोष्ट त्यातून खरी मिळाली. "आमच्यामागे याचे काय" या भीतीने रात्री अडीच वाजता जाग यायची. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते, हे कळल्यावर आणि धाकट्या भावाशी त्याविषयी एकदा समोरासमोर बोलून घेतल्यावर ती भीती संपली नाही, पण अडीचची जाग बरीच कमी झाली.

प्रतिसाद ३ : धंतोलीतली_मानसतज्ज्ञ

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक मोठ्या संख्येने असतात. इथे कोणाचे निदान करणे योग्य नाही, तरी मूळ प्रश्नात "समुपदेशकाकडे जावे का" असे विचारले आहे, त्याला धरून लिहिते.

महालातल्या मावशींनी सांगितलेले दुःख आणि नैराश्य हा आजार, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अर्धा तास रडून संध्याकाळी तुम्ही मुलाबरोबर जेवलात, त्याच्या एखाद्या गमतीवर हसलात, दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे केलीत, तर ते दुःख आहे आणि त्याला औषध लागत नाही, सोबत लागते. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोजच मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, मुलावर हात उगारला जात असेल, तर मात्र थांबू नये. आणि "आम्ही दोघेही नसलो तर बरे" असा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. टेली मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती दिवसरात्र आणि विनामूल्य असते आणि मराठीतून बोलता येते. नागपुरात मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. खासगी समुपदेशकाचे शुल्क न परवडणाऱ्या कित्येक आया मी तिकडे पाठवल्या आहेत. "मुलासाठी एवढा खर्च होतो, मग माझ्यासाठी कशाला" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुसरे म्हणजे अपराधीपणा, जो तुमच्या लिखाणात उघड नाही, पण हेव्याच्या लाजेमागे तो मला दिसतो. आईला दोष देण्याची परंपरा जुनी आहे आणि शिकलेल्या लोकांनीही ती चालवली आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केल्यानंतर बरीच वर्षे तज्ज्ञ मंडळी असे मानत होती, की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. इंग्रजीत तर अशा आईला फ्रिजची उपमा दिली गेली. ही समजूत मोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९६४ साली त्यांनी या स्थितीचे मूळ जैविक आहे, संगोपनात नाही, अशी मांडणी केली. आपल्याकडे फ्रिज कोणी म्हणत नाही. आपल्याकडे "ग्रहणात बाहेर पडली होती", "नोकरीच्या नादात लक्ष दिलं नाही", "मोबाईल हातात दिला" असे म्हणतात. स्वमग्नता यांपैकी कशानेही होत नाही. हे तुम्हाला ठाऊक असणारच, तरी ठाऊक असणे आणि पहाटे चार वाजता पटणे यांत अंतर असते.

शेजारच्या काकूंच्या वाक्याविषयी थोडे. "देवाने निवडले", "तुझी कमाल आहे" अशा कौतुकाने पालकाला एका चौरंगावर बसवले जाते, आणि चौरंगावर बसलेल्या बाईला "मी आज थकले आहे" असे म्हणता येत नाही. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अशा वेळी "काकू, येत्या गुरुवारी तासभर याच्याजवळ बसाल का?" असे सरळ विचारून पाहावे, असे मी माझ्याकडच्या पालकांना सांगते. काही जण कारण सांगून निघून जातात, पण कोणी ना कोणी "बसते की" असे म्हणते, आणि मग त्यांना नेमके काय करायचे ते सांगावे लागते : तो कानांवर हात ठेवील तेव्हा त्याला ओढू नका, दिवा मंद करा, पाण्याची बाटली समोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात्मक विलंब असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी जो प्रशिक्षणक्रम तयार केला आहे, त्यातही मुलाशी खेळावे कसे याच्या बरोबरीने पालकाने स्वतःची काळजी कशी घ्यावी, हा विषय धरलेला आहे.

घरात दुसरे मूल असेल तर तेही या सगळ्यात असते. माझ्याकडे आलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने चित्रात आई, बाबा आणि दादा काढले होते आणि स्वतःला काढलेच नव्हते. विचारले तर म्हणाली, "मी पाणी आणायला गेले आहे."

प्रतिसाद ४ : गोरेवाडा_सकाळ

माझे मत जरा वेगळे आहे. गट सर्वांनाच मानवतात असे नाही. मी अशा पालकांच्या एका मोठ्या व्हॉट्सॲप गटात सहा महिने होते. सकाळी उठावे तर दीडशे संदेश आलेले असत, त्यांत कोणाचे मूल नव्याने काय बोलू लागले याचे व्हिडिओ असत, आणि उरलेल्यांत चमत्काराने बरे करण्याचे दावे. मूळपेशींच्या (स्टेम सेल) महागड्या उपचाराची जाहिरात तिथे इतक्या वेळा आली, की आम्ही दागिने मोडण्याचे बोलू लागलो होतो. स्वमग्नतेसाठी मूळपेशी उपचार करण्याची शिफारस नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे, ते आमच्या मुलीच्या डॉक्टरांनी दाखवले म्हणून वाचलो. मी गट सोडला त्या रात्री शांत झोप लागली.

मला आधार मिळतो तो माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा, जिच्या मुलांना असे काहीही नाही. ती दर बुधवारी फोन करते आणि पहिली पाच मिनिटे मुलीचे विचारून झाले, की मग आम्ही कोणाचे लग्न ठरले, कोणती साडी घेतली, यावर बोलतो. महालातल्या मावशींच्या पाच जणींच्या बाकाला माझा विरोध नाही. पाच आणि दोनशे यांत फरक आहे, एवढेच सांगायचे होते.

प्रतिसाद ५ : आजी_मानेवाडा

मी आजी आहे, नातीला सेरेब्रल पाल्सी आहे. हे लिखाण मुलगा टंकून देतो आहे. सूनबाईने नळ सोडून रडावे आणि सासूला ऐकू जाऊ नये, हे वाचून वाईट वाटले. बेटा, ऐकू येते. मलाही येत होते. मी उठून गेले नाही, कारण गेले तर काय बोलायचे ते मला माहीत नव्हते, आणि माझ्या तोंडून नेहमी चुकीचेच निघत असे. मी उपास धरले, दृष्ट काढली, तिला वाटले मी तिच्यात खोट काढते. एका दिवशी मी नुसता चहा ठेवला आणि दार वाजवून "चहा झाला" म्हटले. तुमच्या सासूबाईंना तुम्ही एकदा दार उघडे ठेवून रडून दाखवा. त्या कदाचित चुकीचे बोलतील, पण उठून येतील.

त्रिमूर्तीनगरची_आई

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आजींचे वाचून मी दार उघडे ठेवले नाही, तेवढा धीर झाला नाही. पण नळ सोडला नाही. सासूबाई आल्या, त्यांनी चहा नाही, जिरे भाजून त्याचे पाणी करून आणले आणि "पोट दुखतंय का?" असे विचारले. मी "नाही" म्हटले. त्या पाच मिनिटे उंबऱ्यावर बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, की त्यांचा एक धाकटा भाऊ होता, तो बोलत नसे, आणि गावात त्याला कोणी खेळायला घेत नसे. माझ्या लग्नाला दहा वर्षे झाली, तरी हे मला कोणी सांगितले नव्हते.

यजमान मुलाला घेऊन दोन रविवार मेट्रोने गेले. पहिल्या रविवारी झिरो माईलला मुलगा किंचाळला आणि ते अर्ध्यातूनच परत आले, चिडलेले होते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या रविवारी कानांवर लावायचे मोठे हेडफोन घेऊन गेले आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पोचले. परत आल्यावर त्यांनी टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवून. त्यांच्या बाबतीत सध्या एवढेच सांगण्यासारखे आहे.

समुपदेशनासाठी मेडिकलमध्ये एकदा जाऊन आले आहे, पुन्हा पुढच्या महिन्यात बोलावले आहे. आणि थेरपीच्या ठिकाणी आमच्याकडे बाक नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यांवर बसणाऱ्या दोघींना मी भिशीचे सांगितले. तिघीच असल्यामुळे एका वेळी एकच बाई तिन्ही मुलांना सांभाळेल, दुसरी जवळपास राहील, आणि वेळ दीड तासच ठेवला आहे. पहिली चिठ्ठी माझी निघाली नाही.

मावशी, एक व्यवहारातले विचारायचे आहे. तिघांतल्या एका मुलाला दार उघडे दिसले की धाव घेण्याची सवय आहे, आणि आमचे घर रस्त्याला लागून आहे. तुम्ही अशा वेळी कुलूप लावत होता का?

महालातली_मावशी

कुलूप लावून पाहिले होते. आमच्यातला एक मुलगा तीन तास कुलपापाशीच उभा राहिला, खेळला नाही, जेवला नाही. मग वरची कडी लावून जिची पाळी असेल ती दाराला पाठ टेकवून मोढ्यावर बसायची आणि तिथेच भाजी निवडायची. तो येऊन पालकाची पाने मोजायचा. मोढा जरा जड असू द्या.